गुणाजी मास्तरांचा ठिपका

दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण दोघांचं भांडण मिटलं तर तिसऱ्याचं काय होतं, हे मात्र कोणी सांगून ठेवलेलं नाही. ते विकास येलवेला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही स्वतःच्या हाताने बटण दाबून.

विकास साड्यांचे काठ काढायचा. चिंचपोकळीला स्टेशनच्या बाजूला त्याचा छोटा गाळा होता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली दोन कॉम्प्युटर आणि एक मोडकी फिरती खुर्ची. दादरच्या हिंदमाता बाजारातले साडीवाले काठ पसंत करायचे, विकास त्याची फाइल द्यायचा आणि त्या फाइलवर इचलकरंजीचे माग चालायचे. फाइल म्हणजे तरी काय, चौकटीचा कागदच तो, फक्त कॉम्प्युटरमधला. एक घर भरलं की त्या जागी एक धागा वर येतो, रिकामं ठेवलं की खाली जातो. नऊ इंची काठात अशी हजारो घरं असतात, आणि विकासने ती एकोणीस वर्षं एकाच सॉफ्टवेअरमध्ये भरली होती. त्याचं नाव सूत्रिका.

या धंद्यात तेव्हा दोनच जाती होत्या, सूत्रिकावाले आणि टेक्सोवियावाले. एकमेकांच्या पोरांच्या लग्नात पंगतीला बसायचे, पण एकमेकांच्या सॉफ्टवेअरला नावं ठेवल्याशिवाय हात धुवायचे नाहीत. त्यात विकास म्हणजे कट्टर. परळ-लालबागमधल्या अकरा जणांना त्याने सूत्रिका घ्यायला लावलं होतं, कंपनीकडून एक दमडी न घेता. टेक्सोवियाचा सेल्समन दोनदा गाळ्यावर आला आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत गेला. "तुमचं टेक्सोविया काठ काढत नाही, काठाचा फोटो काढतं," विकासने त्याला तोंडावर सांगितलं होतं. टेक्सोवियावाले उलट म्हणायचे की सूत्रिकाची प्रत्येक फाइल म्हणजे चुकांचं पोतं, आमच्याकडे उघडली की दोषच दोष दाखवते. या टोमण्याला विकासने कधी भीक घातली नाही.

जानेवारीत कंपनीची मेल आली. वर फोटो होता, सूत्रिकाचा मालक आणि टेक्सोवियाचा मालक हातात हात घालून उभे. 'आनंदाची बातमी' असं लिहिलं होतं. टेक्सोवियाने सूत्रिका विकत घेतली होती. एकतीस मार्चनंतर सूत्रिका उघडणार नव्हती. जुन्या ग्राहकांनी आपल्या फायली तोवर टेक्सोवियात नेऊन घ्याव्यात, पहिलं वर्ष फुकट. ज्यांनी एकमेकांना वीस वर्षं शिव्या दिल्या त्यांनी हात मिळवले आणि ज्यांनी त्यांच्या वतीने शिव्या दिल्या ते उघडे पडले. विकासला राग आला त्याहून जास्त लाज वाटली. त्या अकरा जणांपैकी सात जणांचे फोन संध्याकाळच्या आत आले.

त्याने सूत्रिकाच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. तिथे मनाली असायची. अकरा वर्षं ती फोनवर होती, तिचा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता, पण तिच्या आवाजावरून तिला सर्दी झालीय की सुट्टी मिळालीय हेसुद्धा तो ओळखायचा.

"टेक्सोविया परिवारात आपलं स्वागत आहे," मनाली म्हणाली.

"मॅडम, मी येलवे बोलतोय. हे काय लावलंय?"

ती हळूच म्हणाली, "सर, पहिलं वाक्य तसंच बोलायचं, असं सांगितलंय आम्हाला."

"आणि माझ्या अकराशे चाळीस फायली?"

"नेऊन घ्या सर. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका."

या अकराशे चाळीस काठांमधले सहाशे काठ विकासचे नव्हतेच. ते होते गुणाजी घाडी मास्तरांचे. गुणाजी मास्तर लालबागच्या एका गिरणीत नक्षीखात्यात होते. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली, खातं गेलं, आणि बेचाळिसाव्या वर्षी मास्तर घरी बसले. घरी बसून त्यांनी काय केलं, तर काठ काढले. विणणारं कोणी नाही, विकत घेणारं कोणी नाही, तरी हा माणूस रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून, चौकटीचा कागद पुढे घेऊन कामावर बसल्यासारखा बसायचा. बायको म्हणायची, येड लागलाहा. पुढे विकास त्यांच्याकडे शिकायला गेला. मास्तरांनी त्याला जात विचारली नाही की फी विचारली नाही. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला फक्त एक ठिपका दाखवला.

त्या ठिपक्याची गोष्ट अशी. गिरणीच्या कापडावर गिरणीचं नाव यायचं, नक्षी काढणाऱ्याचं नाही. मग नक्षीखात्यातल्या लोकांनी आपसात एक रीत पाडली होती. प्रत्येकाने आपल्या काठात एक घर मुद्दाम चुकीचं भरायचं, ठरलेल्या जागी. मास्तरांची जागा होती तिसऱ्या पानाच्या देठाखाली. तिथे एक ठिपका, कशालाही न चिकटलेला, एकटाच. साडी नेसणाऱ्या बाईला तो जन्मात दिसायचा नाही, पण धंद्यातला माणूस भिंग लावून बरोबर तिथेच बघायचा. आणि नियम कडक होता. ज्याचा ठिपका त्याचा काठ. ठिपका नसलेल्या काठावर जो हक्क सांगेल तो चोर, मग तो कितीही मोठा असो. गिरण्या गेल्या तरी हिंदमात्याच्या जुन्या दुकानदारांमध्ये हा नियम चालत राहिला. कुठला काठ कोणाचा, यावरून वाद झाला की शेठ म्हणायचा, ठिपका दाखव.

मास्तरांचे सगळे कागद विकासने आपल्या घरी आणून, वर्षानुवर्षं बसून, घर न घर मोजून, ठिपक्यासकट सूत्रिकात भरले. विकासची चाळ पुनर्विकासाला गेली आणि त्याचं बिऱ्हाड घोडपदेवच्या संक्रमण शिबिरात आलं, तेव्हा कागदांच्या चार ट्रंका ठेवायला जागा नव्हती. ट्रंका राहतील की माणसं, असा प्रश्न होता. तो मास्तरांना विचारायला गेला. "कॉम्पुटरात हत मां? मग कागद काय करूचे?" मास्तर म्हणाले. ट्रंका रद्दीत गेल्या. हा निर्णय तेव्हा सगळ्यांना शहाणपणाचा वाटला होता, विकासलासुद्धा.

मार्चमध्ये तो फायली न्यायला बसला. पहिलीच फाइल टेक्सोवियाने अडवली. विणकामाचा दोष आढळला आहे, दुरुस्त केल्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही, असं काहीतरी इंग्रजीत आलं. खाली विचारलं होतं, सर्व फायलींसाठी हेच करायचं का? विकासच्या डोक्यात तिडीक गेली. आयुष्यभर ऐकलेला तोच टोमणा आता मशीनच्या तोंडून येत होता. सूत्रिका म्हणजे चुकांचं पोतं. "कर, कर बाबा, काय दुरुस्त करायचंय ते कर," म्हणत त्याने 'हो' दाबलं. पुढे एक लांबलचक करारनामा आला, त्यालाही 'हो' दाबलं. दुसरा कोणी असता तर थांबून निदान वाचलं असतं की दोष म्हणजे नेमकं काय. पण ज्याने वीस वर्षं त्या शब्दाचा राग केला, तो तो शब्द वाचणार कसा?

सहा दिवस फायली जात होत्या. मधूनमधून त्याने दहावीस उघडून पाहिल्या. काठ सुबक दिसत होते. ठिपका त्याने बघितला नाही, कारण तो तिथे आहेच हे त्याला माहीत होतं. एक एप्रिलला सूत्रिका उघडायचा प्रयत्न केला तर फक्त टेक्सोवियाचं चिन्ह आलं.

आता जे खरं पणाला लागलं होतं ते सांगतो. मास्तरांच्या काठांमध्ये एक शेवंतीकाठ होता, नऊ इंची, संपाच्या दुसऱ्या वर्षी काढलेला. त्यांच्या मते त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच. तो कधी विणलाच गेला नव्हता. विकासने तो जपून ठेवला होता, ऐऱ्यागैऱ्याला द्यायचा नाही म्हणून. गेल्या दिवाळीत हिंदमात्याच्या चिंतामणीशेठने कबूल केलं होतं की पुढच्या दिवाळीला शेवंतीकाठ काढू, आणि साडीच्या खोक्यावर छापू, 'नक्षी : गुणाजी घाडी'. मास्तर पंच्याऐंशीचे झाले होते. आयुष्यात एकदा, एका साडीवर त्यांचं नाव यावं आणि ते त्यांनी डोळ्यांनी बघावं, एवढंच विकासला हवं होतं. त्याने ते मास्तरांना सांगितलंही होतं. त्या दिवशी मास्तरांनी दोनदा चहा विचारला.

मेमध्ये विकास लॅपटॉप घेऊन चिंतामणीशेठच्या दुकानी गेला. शेठने फाइल पाहिली आणि वर माळ्यावर हाक मारली, "अपेक्षा, जरा खाली ये."

अपेक्षा म्हणजे शेठने नवी ठेवलेली डिझायनर, कॉलेजातून शिकून आलेली. तिने आपला लॅपटॉप शेजारी ठेवला. त्यावर शेवंतीकाठ होता. तोच.

"हा कुठनं आला?" विकासने विचारलं.

"टेक्सोवियाच्या लायब्ररीतून, काका. सगळ्यांना ओपन आहे. शेवंती, नऊ इंच असं टाकलं की येतो."

तेव्हा त्या लांबलचक करारनाम्यात काय होतं ते विकासला समजलं. फुकटात आणलेली प्रत्येक फाइल सगळ्यांची झाली होती.

"शेठ, हा मास्तरांचा आहे. तुम्हाला तर माहितीये."

"मला माहितीये रे," चिंतामणीशेठ म्हणाला. "पण उद्या चार दुकानं हाच काठ काढतील आणि मी एकट्यानेच त्यावर मास्तरांचं नाव छापलं, तर मला विचारतील ना की कशावरून? तू ठिपका दाखव. मी नाव लावतो, आणि बाकीच्यांनाही फोन करून सांगतो, हात लावू नका. हिंदमात्याला अजून तेवढी शरम आहे."

विकासला हायसं वाटलं. त्याने अपेक्षाच्या स्क्रीनवर काठ मोठा केला. पहिलं पान, दुसरं पान, तिसरं पान, देठ. देठाखाली रिकामं. "तुझ्यात उडालाय बघ," तो तिला म्हणाला, आणि आपल्या लॅपटॉपवर मोठा केला. देठाखाली रिकामं. त्याने दुसरा काठ उघडला, मग तिसरा, मग भराभर दहा. सगळे स्वच्छ होते. अपेक्षाने वाकून दोन्ही स्क्रीन पाहिले. मग म्हणाली, "काका, एकटा पॉइंट असला की टेक्सोविया तो एरर धरतं. इंपोर्टला काढून टाकतं."

विकास खुर्चीत बसला. मास्तरांच्या सहाशे काठांतले दोष त्याने स्वतः दुरुस्त करून घेतले होते.

त्याने तिथूनच मनालीला फोन लावला. पेनड्राइव्हवर जुन्या फायली होत्या, जशाच्या तशा, ठिपक्यासकट. सूत्रिका एकदा, फक्त पाच मिनिटं, चालू झाली असती तर पुरे होतं.

"सर, सूत्रिका उघडताना आमच्या मशीनला विचारून उघडायची," मनाली म्हणाली. "ते मशीनच बंद केलंय. मी स्वतःसाठीसुद्धा उघडू शकत नाही."

"मग तक्रार कोणाकडे करू?"

"करा सर, मी नंबर देते. पण आठ जण होतो आम्ही इथे, आता मी एकटी आहे. तीही शुक्रवारपर्यंत."

तक्रारीचं उत्तर दोन दिवसांनी आलं. आपल्या फायलींची गुणवत्ता सुधारण्यात आली आहे, असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली पाचपैकी किती तारे द्याल असं विचारलं होतं.

त्या दिवशी गाळ्यात बसून विकासने शेवंतीकाठ उघडला आणि तिसऱ्या पानाच्या देठाखाली एक घर भरलं. एक टिचकी, झालं. जसाच्या तसा दिसला. तो त्याच्याकडे बराच वेळ बघत बसला. मग त्याने तो पुसला. शेठने रिकामी जागा डोळ्यांनी पाहिली होती, आणि शेठने पाहिली नसती तरी हा ठिपका मास्तरांचा नव्हता. खोटी सही करायला मास्तरांनी त्याला शिकवलं नव्हतं.

चिंतामणीशेठ माणूस वाईट नव्हता. त्यानेच वाट काढली. "मास्तर आहेत ना अजून? त्यांना घेऊन ये. ते म्हणाले की काठ माझा, की माझ्यासाठी विषय संपला. दोन-तीन दुकानदारांना बोलावून ठेवतो, त्यांच्यासमोरच होऊ दे."

विकास लालबागला गेला. मास्तरांची सून दर्शना हिने त्यांना धुतलेला सदरा घातला, डोक्यावर टोपी ठेवली. विकासने त्यांना सगळं सांगितलं, एकदा नाही, तीनदा. दोन कंपन्या होत्या, त्या एक झाल्या, एकीने दुसरीच्या फायली घेतल्या, घेताना ठिपका चूक समजून काढला, काठ तुमचाच आहे. मास्तर मान हलवत होते. टॅक्सी भारतमाता टॉकीजपाशी आली तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आमच्या गिरणीसारख्याच. धनी बदाललो की पयलो झाडू आमच्या खात्यात."

"तसंच, मास्तर. तुम्ही फक्त सांगायचं, हा माझा."

"सांगतंय मां," मास्तर म्हणाले.

दुकानात गादीवर तीन शेजारी दुकानदार येऊन बसले होते. मास्तरांना खुर्ची दिली, पाणी दिलं. अपेक्षाने शेवंतीकाठ मोठ्या कागदावर छापून आणला होता, घरं दिसतील इतका मोठा. तिने तो त्यांच्या मांडीवर पसरला आणि भिंग हातात दिलं. मास्तरांचा चेहरा उजळला. चाळीस वर्षांनी तो काठ ते एवढा मोठा बघत होते. त्यांनी पाकळ्यांवरून बोट फिरवलं, कळ्या मोजल्या, एका वळणापाशी थांबून स्वतःशीच हसले. विकासला वाटलं, झालं काम.

मग त्यांचं बोट पहिल्या पानावर आलं, दुसऱ्या, तिसऱ्या. देठाखाली थांबलं. त्यांनी भिंग जवळ नेलं, लांब नेलं. पुढच्या शेवंतीच्या तिसऱ्या पानाखाली पाहिलं. त्याच्या पुढच्या.

"मास्तर," चिंतामणीशेठ वाकून म्हणाला, "हा काठ तुमचा ना?"

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं.

"ह्यो माझो काठ न्हय," ते म्हणाले.

"मास्तर, मी सांगितलं ना तुम्हाला," विकास म्हणाला. "कॉम्प्युटरने काढलाय ठिपका. बाकी सगळं तुमचं आहे. ही शेवंती बघा ना, ही तुमचीच आहे."

"तू सांगतस तां खरा असात," मास्तर शांतपणे म्हणाले. "शेवंती माझ्यासारखीच काढल्यान कोणीतरी. चांगली काढल्यान. पन ठिपको खय असा? ठिपको नाय त्या काठावर मी हात ठेवूचंय नाय. खात्यात कदी ठेवलंय नाय, आता मराच्या टायमाक ठेवू?"

एका दुकानदाराने घड्याळात पाहिलं. चिंतामणीशेठने विकासकडे बघून हात थोडे वर उचलले आणि परत मांडीवर ठेवले. आणखी काय करणार तो? त्याने मास्तरांना नमस्कार केला, मनापासून केला, आणि अपेक्षाला मानेने खूण केली. ती कागद गुंडाळून माळ्यावर निघून गेली. फाइल त्याच दुपारी इचलकरंजीला जायची होती, खोक्यावर नुसतं दुकानाचं नाव.

विकासने मास्तरांना दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या. रस्त्यावर साड्यांचे गठ्ठे घेऊन हातगाड्या चालल्या होत्या. त्यांतून वाट काढत दोघं कडेला आले. मास्तर दमले होते, पण समाधानी दिसत होते. त्यांनी विकासचा हात दाबला.

"तेंका स्पष्ट सांगलंय," ते म्हणाले. "दुसऱ्याचो काठ आमच्या नावावर करूक बघीत होते. आता कोणी तुका चोर म्हनूचो नाय."

"नाही म्हणणार, मास्तर," विकास म्हणाला, आणि त्याने टॅक्सीला हात केला.